दुसरा नकाशा

शिवदे सरांनी नकाशा काढला कॅलेंडरच्या पाठीवर,
मागून गेल्या मार्गशीर्षाचे आकडे उलटे दिसतात.
पोवई नाका, गोडोली, मग किल्ला उजव्या हाताला ठेवून
बोगदा, समर्थ मंदिर, शाहूपुरी, करंजे,
मोळाचा ओढा, वाढे, संगम माहुली, कोडोली
आणि पुन्हा पोवई नाका.
तेहतीस किलोमीटर, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत.
"म्हणजे प्रदक्षिणाच की," कुणीतरी म्हणालं
आणि सगळे उगाच सावरून बसले.

लाल पेनानं चहा, हिरव्यानं सावली,
निळ्यानं एसटीचे थांबे,
ज्याचे पाय बोलायला लागतील
त्यानं तिथनं गुपचूप घर गाठावं.
मी विचारलं, "आणि आम्ही बायकांनी जायचं कुठं?"
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"वाटेत बघू की."

एकवीस वर्षं मी सातारा-दहिवडी गाडीवर तिकिटं फाडली.
वाटेत बघू म्हणजे काय
ते माझ्या मुतखड्याला विचारा.
सकाळी अर्धा कप चहा,
मग स्टँडवरच्या त्या दाराकडं न बघता
घोट मोजत काढलेला दिवस.
बाटली भरलेली असायची. नुसती भरलेली.

म्हणून तीन संध्याकाळी मी एकटीच निघाले
आणि बेल वाजवत गेले.

गोडोलीत तळ्याजवळ नझनीन बागवान म्हणाल्या,
"यात विचारायचं काय?
आतली कडी तेवढी लागत नाही,
एकीनं बाहेर उभं राहा."
बोगद्याच्या अलीकडं शिलाईच्या मशीनवरून
वैजयंता घाडगे आधी खळखळून हसल्या,
मग तोंडातला दोरा काढून म्हणाल्या, "मीही येऊ का चालायला?"
आता आम्ही पाच.

करंज्यात दार अर्धंच उघडलं.
"किती जणी?"
पाच.
"एकदम?"
दार लागलं.
मी जिना उतरून खाली, चपलेत पाय घालतेय
तोवर गॅलरीतून आवाज,
"अकराच्या आत या. नंतर नळ जातो."

माहुलीला कलावती गुरवांनी
विचारायच्या आधीच बादली दाखवली.
त्यांच्या दारात रोज कोण ना कोण थांबतं,
नदीवर शेवटचं पोचवायला आलेल्या बायका,
त्यांना रडणं थांबवून विचारायला लाज वाटते.
मी काही बोलले नाही. वहीत फुली केली.

वाढ्याच्या पुढं हायवेला मात्र काही नाही.
पंपावर आहे, त्याला कुलूप,
किल्ली मॅनेजरकडं, मॅनेजर लग्नाला.
तिथं प्रश्नचिन्ह.

उद्या निघायचं.
नखं कापली. तळव्यांना खोबरेल चोळून
मोजे उलटे घातले, शिवण बोटाला लागू नये म्हणून.
धपाटे फडक्यात, मीठ-साखरेच्या पुड्या,
मंदाकिनीची शुगरची गोळी माझ्याकडंही एक,
कारण ती विसरणार.
प्रतीक्षाचा आत्ता फोन आला, हळू आवाजात,
"मावशी, आजच आली. उद्या राहू दे का?"
मी तिला पाचही दारं वाचून दाखवली,
कडी न लागणारं, नळ जाणारं, सगळी.
"पाच कुठं, चारच झाली," ती म्हणाली.
पोरगी हिशोबाला पक्की.

मग फोन ठेवून कपाट उघडलं,
डबलबेडची जुनी चादर काढली,
निळी, गडद, उजेडात धरून पाहिली,
आरपार काही दिसत नाही.
चार कोपरे, चौघी धरतील.
घडी करून धपाट्यांच्या खाली ठेवली
आणि वहीतल्या प्रश्नचिन्हापुढं लिहिलं, चादर.

गजर पावणेपाचचा.
उशाशी तांब्या भरून ठेवलाय.
उठल्या उठल्या
सगळा पिणार आहे.